कवेलूंच्या छपरावरील नवे धुराडे आणि पावसाचे पाणी

शेतकऱ्याच्या घरी निर्धूर चूल बसते, त्या दिवशी सर्वांचे लक्ष चुलीकडे असते. वैलावर भांडे नीट बसते की नाही, जाळ मागपर्यंत पोहोचतो की नाही, धूर नळीत खेचला जातो की नाही, हे सारे बारकाईने पाहिले जाते. नळी छपरातून जेथे बाहेर पडते, त्या जागेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वैशाखाच्या कोरड्या दिवसांत तेथे पाहण्यासारखे काही नसतेही. त्या जागेची खरी परीक्षा मृगाच्या पहिल्या सरींत होते. नळीच्या कडेने पाण्याचा ओघळ उतरतो, चुलीची माती भिजते, सरपण ओले होते आणि नव्या चुलीनेच घर गळू लागले, असा घरातील मंडळींचा ग्रह होतो. मग नळी उपटली जाते, भोकावर जुनी कवेलू चढविली जातात आणि धूर पुन्हा स्वयंपाकघरात कोंडू लागतो.

दोष चुलीचा नसतो, धुराड्याचाही नसतो. तो धुराडे आणि छप्पर यांच्या सांध्याचा असतो. हा सांधा योग्य रीतीने केल्यास धुराडे टिकते आणि धुराडे टिकले तरच निर्धूर चूल टिकते. यास्तव, नवे धुराडे बसविताना पावसाचा बंदोबस्त कसा करावा, याची माहिती या लेखात दिली आहे. बोर धरणाच्या वाटेवरील हिंगणी आणि सेलू तालुक्यातील आसपासच्या गावांत जुन्या पद्धतीची मातीच्या भिंतींची व कवेलूंच्या छपरांची घरे आहेत. ती डोळ्यांपुढे ठेवून ही माहिती लिहिली असली, तरी कौलारू घर असलेल्या कोणत्याही शेतकऱ्यास ती उपयोगी पडेल.

वर्ध्याचा वारसा

धूर घराबाहेर काढण्याचा विचार वर्धा जिल्ह्यास नवा नाही. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि वर्ध्यातील मगनवाडी हे त्याचे केंद्र बनले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ त्या जागेस हे नाव मिळाले. श्री. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे घाणी, चरखा, हातकागद यांबरोबर स्वयंपाकघरातील चुलीचाही विचार झाला. धुराडे जोडलेली मातीची मगनचूल ही त्याच प्रयत्नांची देणगी होय. १९५३ मध्ये हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे डॉ. एस. पी. राजू यांनीही बिनधुराच्या स्वयंपाकघराचा पुरस्कार करणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. पुढे १९८३ नंतर केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ साली तो संपेपर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्याची नोंद झाली. परंतु त्यांतील पुष्कळ चुली निगा व दुरुस्ती यांच्या अभावी पडून राहिल्या. चूल बसविणे हे एका दिवसाचे काम असते, ती वापरात राहणे हे अनेक पावसाळ्यांचे काम असते, हा धडा त्यातून घेण्यासारखा आहे.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि स्वयंपाकाचा गॅस अनेक घरांत पोहोचला. तरीही आंघोळीचे पाणी तापविणे, गुरांसाठी आंबोण शिजविणे, भाकरी भाजणे ही कामे पुष्कळ घरांत चुलीवरच होतात. पऱ्हाट्या व तुराट्या शेतातच मिळत असल्याने हे सरपण सहज हाती असते. त्याचा धूर मात्र स्वस्त नाही. घरातील धुरामुळे होणाऱ्या विकारांनी २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लक्ष लोक दगावले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढे अधिक वेळ स्त्रिया बसतात आणि त्यांच्याजवळ लहान मुले असतात. या धुराची झळ प्रथम त्यांनाच लागते.

गळती का होते?

छपराच्या उतारावरून वाहणारे पाणी धुराड्याच्या वरच्या अंगास येऊन अडते. त्यास पुढे जाण्यास वाट मिळाली नाही, तर ते फटीतून आत शिरते. हे पाणी किती असते, याचा हिशेब सोपा आहे. धुराड्याभोवतालचा भाग ३० सेंटिमीटर रुंद असून आढ्यापासून त्याचे आडवे अंतर ३ मीटर आहे, असे समजा. तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या पट्ट्यावरून तासाभरात ४५ लिटर पाणी धुराड्याच्या पाठीवर येते. तेच धुराडे आढ्यापासून अर्ध्या मीटरवर असेल, तर हे पाणी साडेसात लिटरच भरते. पाऊस तोच, छप्परही तेच. फरक पडतो तो धुराड्याच्या जागेमुळे.

दुसरे कारण हालचालीचे आहे. वर्धा जिल्ह्यातील काळी चिकण जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. चुलीचा ओटा व त्यावरील धुराडे जमिनीवर उभे असते, तर छप्पर भिंतींवर व लाकडी खांबांवर. दोन्ही एकाच मापाने हलत नाहीत. वासे व रिपा उन्हात आकसतात, दमट हवेत फुगतात. नळी चूल पेटली की तापते, विझली की थंड होते. त्यातच जंगलालगतच्या गावांत वानरांच्या उड्यांनी कवेलू सरकतात, ते निराळेच.

अशा हलत्या सांध्यात सिमेंटचा गोळा भरला, तर तो पहिल्याच ऋतुपालटात केसाएवढा तडकतो. केसाएवढी फटही पाण्यास पुरेशी असते. डांबराची गतही तीच. मे महिन्यात हवेचे तापमान ४५ अंशांवर जाते, तेव्हा छपरावरील डांबर मऊ होऊन ओघळते, पुढे ते कडक होऊन भेगाळते. शिवाय ते ज्वालाग्राही असल्याने तापणाऱ्या नळीस लावणे धोक्याचे आहे.

म्हणून या कामाचे मुख्य सूत्र असे की, पाणी बुजवून अडवावयाचे नसते, त्यास वरच्या थरावरून खालच्या थरावर उतरवीत न्यावयाचे असते. कवेलूचे छप्पर याच तत्त्वावर उभे असते. वरचे कवेलू खालच्यावर चढलेले असते, दोहोंमध्ये चुना वा सिमेंट नसते, तरीही घर गळत नाही. धुराड्याचा सांधाही त्याच न्यायाने करावा.

जागा व भोक

धुराडे शक्यतो आढ्याजवळ निघावे. त्यायोगे त्याच्या पाठीवर पाणी कमी येते व धूर ओढण्याची शक्ती वाढते. नळीचे तोंड आढ्याच्या वर निदान ६० सेंटिमीटर असावे, नाही तर वारा आढ्यावरून खाली वळून धूर मागे लोटतो. दोन पाखी जेथे मिळतात, त्या पन्हळीत धुराडे कदापि काढू नये, कारण छपरावरील सर्वाधिक पाणी तेथूनच वाहते. शेजारी गवताने शाकारलेला गोठा अथवा कडब्याची गंजी असल्यास तीपासून दूरची बाजू निवडावी. पऱ्हाट्या भडकून जळतात व त्यांच्या ठिणग्या वर जातात, हे विसरू नये.

भोक दोन वाशांच्या मधोमध घ्यावे. वासा कापू नये. रीप कापावी लागल्यास तिची दोन्ही टोके आडव्या पट्टीने जवळच्या वाशांस पक्की जोडावीत. नळी आणि लाकूड, बांबू वा गवत यांमध्ये सर्व बाजूंनी निदान एक वीत अंतर मोकळे ठेवावे. वाशांमधील जागा त्यास अपुरी पडत असेल, तर सुताराच्या सल्ल्याने भोकाभोवती चौकट करून घ्यावी. नळीचा भार छपरावर टाकू नये. तो खाली ओट्यावर किंवा भिंतीतील लोखंडी आधारावर असावा.

छपरावर चढताना कवेलूंवर थेट पाय देऊ नये. वाशांच्या आधारावर शिडी किंवा रुंद फळी आडवी टाकावी, कमरेस दोर बांधावा, काम सकाळच्या वेळी करावे आणि विजेची तार जवळून जात असेल तर तिकडे हात करू नये.

नळीच्या धुराड्यास पत्र्याची बैठक

नळीच्या धुराड्यास २४ गेजचा जस्ती पत्रा वापरावा. नळी १० सेंटिमीटर व्यासाची असल्यास ९० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद तुकडा पुरतो. छप्पर उतरते असल्याने पत्र्यातील भोक गोल नसून लांबट हवे. उतार ३० अंशांचा असेल, तर भोकाची लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर येते. नळीस तापून फुगण्यास व हलण्यास जागा मिळावी, म्हणून त्यात सर्व बाजूंनी एक सेंटिमीटर वाढवावा.

या भोकाभोवती १५ सेंटिमीटर उंच पत्र्याचा गळा उभा करून तळाशी डाख देऊन घ्यावा. हे काम गावातील टिनकाम करणारा कारागीर सहज करू शकतो. पत्र्याच्या दोन्ही बाजूंच्या कडा तीन सेंटिमीटर वर वळवून पाळ करावी. पाणी बाजूस सांडू न देण्याचे काम ही पाळ करते.

आता पत्रा बसविण्याचा क्रम पाहू. पत्र्याची वरची कड वरच्या कवेलूंच्या खाली निदान २० सेंटिमीटर सरकवावी. बाजूच्या पाळी बाजूच्या कवेलूंखाली झाकल्या जाव्यात. खालची कड मात्र खालच्या कवेलूंच्या वर निदान १५ सेंटिमीटर यावी. वरून आत, खालून बाहेर, एवढे लक्षात ठेवले म्हणजे चूक होत नाही. पुष्कळ ठिकाणी पत्रा चारी बाजूंनी कवेलूंवर नुसता ठेवून कडेने सिमेंट लावतात. अशा पत्र्याखाली वरचे पाणी सरळ शिरते. पत्रा खिळ्यांनी ठोकावयाचा तर खिळे केवळ वरच्या कडेस, कवेलूंखाली झाकलेल्या भागात असावेत. पाण्याच्या वाटेत एकही भोक पाडू नये.

शेवटी नळीस पत्र्याचा एक घेरदार झगा घालावा. तो गळ्याच्या वरच्या तोंडावर छत्रीसारखा उतरून निदान सात-आठ सेंटिमीटर खाली आला पाहिजे. झगा नळीस पट्टीने घट्ट आवळावा, पण गळ्यास चिकटवू नये. नळी हलली तर झगा तिच्यासह हलतो, गळा छपरासह हलतो आणि पाणी मात्र झग्यावरून पत्र्यावर व पत्र्यावरून कवेलूंवर उतरते. बुजवण करावयाची ती झगा व नळी यांच्या वरच्या आवळलेल्या सांध्यातच करावी. त्यासाठी बाजारात मिळणारे उष्णतेस टिकणारे लुकण वापरावे.

नळी वाऱ्याने डुलू नये म्हणून तिला तीन बाजूंनी तारेचे ताण द्यावेत. वानरांचा उपद्रव असेल तेथे हे अधिकच आवश्यक आहे.

जुन्या सिमेंटच्या नळ्या पुन्हा वापरताना सावध असावे. त्यांतील पुष्कळशा अॅस्बेस्टॉस-सिमेंटच्या असतात. त्या कापल्या किंवा घासल्या असता बारीक तंतू हवेत उडतात व फुप्फुसास कायमचा अपाय करतात. अशी नळी कापू नये, फोडूही नये.

गावठी कवेलू असल्यास

मंगलोरी कौले सपाट व एका मापाची असतात. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कारखाना काढल्यापासून ती दूरवर पसरली. त्यांच्यावर पत्रा नीट बसतो. कुंभाराच्या हातची अर्धगोल कवेलू मात्र एक उताणे व एक पालथे अशी रचलेली असतात आणि पाणी उताण्या कवेलूंच्या नाळीतून वाहते. अशा छपरावर सपाट पत्र्याची खालची कड पालथ्या कवेलूंच्या पाठींवरच टेकते, तिच्याखालच्या नाळी उघड्या राहतात आणि वाऱ्याच्या झोताबरोबर पाऊस तेथून उलटा आत घुसतो. यावर उपाय असा की, पत्र्याची खालची कड लाकडी हातोडीने हलके ठोकून नाळींच्या आकारात बसवावी, म्हणजे पत्र्यावरचे पाणी थेट नाळीत पडेल. वरच्या बाजूस उताण्या कवेलूंची तोंडे पत्र्याच्या वर आली आहेत, याची खात्री करून घ्यावी.

दुसरा उपाय कुंभाराचा आहे. उभा गळा असलेले मोठे कवेलू त्याजकडून घडवून भाजून घेता येते. कौलांचे कारखाने हवेसाठी उंच तोंडाची कौले करीत असत, तोच हा प्रकार होय. अशा कवेलूचा सांधा शेजारच्या कवेलूंशी आपोआप जुळतो आणि त्यास गंज लागत नाही. कुंभाराचे कौशल्य घरबांधणीत किती उपयोगी पडते, हे वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने दाखवून दिले आहे. १९७६ मध्ये श्री. देवेंद्रकुमार यांनी स्थापिलेल्या या संस्थेने मातीच्या शंक्वाकृती नळ्यांच्या छतांचा प्रसार केला.

विटांचे धुराडे

धुराडे विटांचे असल्यास पत्रा विटांत गुंतवावा लागतो. विटांच्या आडव्या सांध्यातील चुना अडीच सेंटिमीटर खोल खरवडावा, पत्र्याची वरची कड काटकोनात वळवून त्या खाचेत घालावी, पाचर मारून घट्ट करावी आणि मग खाच चुन्याने वा सिमेंटने भरावी. छपराच्या उताराबरोबर बाजूचा पत्रा पायऱ्यापायऱ्यांनी खाली न्यावा आणि प्रत्येक वरची पायरी खालच्या पायरीवर चढलेली असावी. काम खालून सुरू करावे: प्रथम पुढचा पत्रा, मग दोन्ही बाजू, शेवटी पाठीचा. पत्र्याचे उभे अंग कवेलूंच्या वर निदान १५ सेंटिमीटर असावे.

धुराड्याची रुंदी ७५ सेंटिमीटरहून अधिक असल्यास त्याच्या पाठीशी पत्र्याचा छोटासा दुपाखी आडोसा करावा. आलेले पाणी त्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. तेथे पालापाचोळाही साचत नाही. इंग्लंडसारख्या थंड व पावसाळी देशांत या कामासाठी शिशाचा मऊ पत्रा वापरण्याची रीत आहे. तथापि शिसे विषारी असल्याने पागोळ्यांचे पाणी पिण्यासाठी साठविणाऱ्या घरी ते वापरू नये.

टोपी

धुराड्याच्या तोंडातून पडणारा पाऊस टोपीने थोपतो. टोपीचा व्यास नळीच्या व्यासाच्या दुप्पट असावा. टोपी व तोंड यांतील अंतर व्यासाच्या निम्म्याहून कमी नसावे, म्हणजे १० सेंटिमीटर नळीस निदान ५ सेंटिमीटर. अंतर याहून कमी ठेवल्यास काजळी लवकर साचून धूर कोंडतो, फार ठेवल्यास तिरपा पाऊस आत जातो.

मृगापूर्वी परीक्षा

काम झाल्यावर पावसाची वाट पाहात बसू नये. एकाने आत चुलीपाशी उभे राहावे व दुसऱ्याने वरून झारीने पाणी सोडावे. चूल त्या वेळी थंड असावी. प्रथम धुराड्याच्या खालच्या अंगास, मग दोन्ही बाजूंस, मग पाठीकडे आणि अखेरीस झग्यावर व टोपीवर, या क्रमाने प्रत्येक जागी पाच मिनिटे पाणी ओतावे. खालून वर जाण्याचे कारण उघड आहे. पाणी वरून ओतल्यास ते सर्वच सांध्यांवरून वाहते आणि नेमका दोष कोठे आहे, ते कळत नाही.

प्रत्येक थेंब पावसाचाच असतो असेही नाही. ओले सरपण जाळल्यास त्यातील वाफ थंड नळीत निवते आणि काळपट, चिकट थेंब खाली येतात. पाऊस नसतानाही असे थेंब पडत असतील, तर छप्पर उकलण्याचे कारण नाही. सरपण वाळवून वापरावे व नळी साफ करावी. पावसाबरोबर स्वच्छ वा मातकट पाणी उतरत असेल, तरच सांधा तपासावा.

वर्षाची निगा

घराची शाकारणी उन्हाळ्यात होतेच. त्याच वेळी धुराड्याभोवतालची सरकलेली कवेलू बसवावीत, पाचोळा काढावा, पत्र्यावर गंज चढला आहे का ते पाहावे व झग्याची पट्टी आवळावी. नळीतील काजळी त्या वेळी एकदा व दिवाळीच्या सुमारास एकदा काढावी. साचलेली काजळी पेट घेऊ शकते. वाकलेला ताण व उडालेली टोपी वादळानंतर लगेच नीट करावी. हे काम तासाभराचे आहे, पण ते चुकले तर आर्द्रा-पुनर्वसूच्या झडीत दुरुस्तीस छपरावर चढता येत नाही.

धुराड्याची दुरुस्ती पुरुष करतात आणि धूर स्त्रिया सोसतात, अशी आपल्या घरांतील कामाची वाटणी आहे. म्हणून चूल बसविण्यापूर्वी सांध्याचा आराखडा गृहिणीसही दाखवावा आणि पाण्याची परीक्षा तिच्या समक्ष करावी. नळी का गळते व का गळत नाही, हे तिला ठाऊक असेल, तर पहिल्या ओघळाबरोबर धुराडे उपटले जाणार नाही. सांध्यातील दोष शोधला जाईल, पत्रा नीट केला जाईल आणि चूल वर्षानुवर्षे वापरात राहील.